शटरसमोरून सुटणारी बस

...आणि तो ड्रायव्हर मला म्हणतो कसा, "आजोबा, खिडकीचीच जागा पाहिजे असेल तर खिडकी घरून घेऊन यायची!" इथपर्यंत काल आलो होतो आपण. पुढचं सांगणार तर तुम्हा मंडळींना जांभया सुटल्या आणि आमची बस जागच्या जागी उभी राहिली. आज नीट बसा. गोष्ट तशी माझी नाहीच. खिडकी मला मिळाली की नाही याच्याशी कुणाला काय करायचंय? (मिळाली. भांडून मिळवली.) गोष्ट आहे माझ्या शेजारच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या धाकट्या बहिणीची. तिला अख्खी गल्ली काजवाली म्हणते.

आमचे मेहुणे शिंपी. शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात, तसे तेही मास्तर. आमच्या खेड्यातल्या शाळेत मास्तर म्हणजे छडी, त्यामुळे बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा "मुलगा मास्तर आहे" एवढंच ऐकून मी आठवडाभर घाबरून होतो. भेटलो तर गळ्यात मापपट्टी आणि कानावर खडू! तिथेच आमची गट्टी जमली.

त्यांचं दुकान इतकं अरुंद, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागायचं. पुढे शटरपाशी मशीन, मग कापायचं टेबल आणि सगळ्यात मागे ट्यूबलाइटच्या खाली हिचं स्टूल. मास्तर कापायचे, शिवायचे. काजं, बटणं, हातशिलाई हिच्याकडे. आता काज म्हणजे काय, तर चांगल्या शिवलेल्या कपड्याला बटणासाठी चीर द्यायची आणि तिच्या कडा दोऱ्यानं बांधायच्या. टीप उसवता येते, चीर उसवता येत नाही. म्हणून मास्तर शर्ट पूर्ण झाला की मागे फेकायचे आणि म्हणायचे, "घे, आता बिघडव."

ही मान वर न करता म्हणायची, "बिघडूनच आलाय."

दुसरं एक भांडण त्यांचं रोजचं. मास्तर कापडावर खडूची रेघ पट्टी न लावता मारायचे. एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मारली की दोन पावलं मागे सरून कमरेवर हात ठेवायचे. "बघ गं, सरळ आहे की नाही?" ही स्टुलावरूनच एक डोळा बारीक करून सांगायची, "जराशी वाकडी." मी एकदा मुद्दाम पट्टी लावून पाहिली होती. सूतभरही फरक नव्हता. तसं तिला सांगितलं, तर म्हणाली, "मला माहीत आहे दादा. पण सरळ म्हटलं तर ते दिवसभर गात बसतील, आणि आवाज तुला ठाऊक आहे."

मास्तरांना ती हाक मारायची 'अहो'. आता म्हणाल, त्यात काय, आमची हीसुद्धा मला अहोच म्हणते. तसं नाही. हिच्या तोंडी तो शब्द म्हणजे त्यांचं नावच होऊन बसलं होतं. अहो दोरा. अहो गिऱ्हाईक. अहो पाय काढा, रीळ घरंगळलंय. दुकानात आणखी कुणीही असलं, अगदी मी असलो, तरी अहो म्हटलं की ओ एकच माणूस द्यायचा.

आणि या दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, ही सहलीची बस रोज सकाळी लागायची. शटर वर जायला आणि गाइडचा कर्णा सुरू व्हायला एकच गाठ: "जुनं शहर आणि समुद्रकिनारा! एका दिवसात दोन्ही! संध्याकाळी घरी!" मास्तरांना ते सगळं पाठ. गिऱ्हाईक नसलं की मापपट्टीची गुंडाळी तोंडाशी धरून ते त्याच आवाजात सुरू व्हायचे, "उजव्या बाजूला बघा, मंडळी! स्टुलावर काजवाली बसली आहे. अतिप्राचीन आहे. कृपया हात लावू नका!" मग मागून रीळ यायचं, डोक्यावर. मी हसून हसून त्या कापायच्या टेबलावर आडवा व्हायचो आणि दोघांचीही बोलणी खायचो, कारण खाली कुणाची तरी पँट असायची.

बसमध्ये मात्र दोघं कधी बसली नाहीत. "एकदा जाऊ," मास्तर म्हणायचे. जी गोष्ट रोज दारातून सुटते तिची घाई कोण करतं?

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. चार दिवस दवाखान्यात काढले आणि गेले. ही रडली नाही. आल्यागेल्याला पाणी दिलं, भांडी विसळली, पाहुण्यांच्या चपला ओळीनं लावून ठेवल्या. मीच रडलो, आणि माझ्यासाठी टॉवेल तिनं आणून दिला.

मग एके दिवशी तिनं जाऊन शटर उघडलं. टेबलावर मास्तरांनी शिवून ठेवलेला एक कोट होता. सगळा झालेला, फक्त काजं राहिलेली. ती स्टुलावर बसली, चीर दिली, सुई ओवली, पहिलं काज बांधायला घेतलं. मी समोर बसून आमच्या गावच्या विहिरीत पडलेल्या इन्स्पेक्टरचा किस्सा सांगत होतो. मध्येच ती म्हणाली, "दादा, हे लाल कुठून आलं?" बघतो तर कोटाच्या अस्तरावर रक्ताचा ठिपका. सुई तिच्या बोटात चांगली रुतलेली होती, आणि ती त्या बोटाकडे शेजारणीचं बोट असल्यासारखी बघत होती. तिला काही जाणवलंच नव्हतं. तिनं सुई काढली, पुन्हा टोचून पाहिली. काही नाही. डॉक्टर म्हणाले, हाताला काहीही झालेलं नाही, होईल बरं हळूहळू. तिनं शटर खाली ओढलं, ते खालीच राहिलं.

त्यानंतर तिचं बोलणं म्हणजे एक 'हं'. जेवतेस? हं. झोपतेस? हं. एकदा मी मोठ्या हौसेनं चहा केला आणि साखरेऐवजी मीठ घातलं. पहिला घोट घेतला आणि मी खिडकीकडे धावलो. परत येऊन बघतो तर हिचा कप रिकामा! "अगं, खारट होता तो!" म्हटलं. "हं," म्हणाली. "असेल."

आता मुख्य मुद्दा. माझी भाची, म्हणजे हिची मुलगी, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिचं म्हणणं, आईनं माझ्याकडे यावं आणि दुकान द्यावं. त्याच रस्त्यावरचा मोबाइल दुरुस्त करणारा दुकान घ्यायला टपूनच होता. तो रविवारी संध्याकाळी विचारायला येणार होता. दुकानाची किल्ली मुलीकडे, पण हो म्हणायचं ते आईनं. आणि आई म्हणे, हं. आता या 'हं'चा अर्थ हो की नाही? मुलीला ते ठरवता येईना. वाईट पोरगी नाही हो ती. आईच्या 'हं'वर बापाचं मशीन उचलून देणं तिच्या जिवावर आलं होतं. म्हणून तिनं त्याच रविवारची बसची दोन तिकिटं काढली.

"मामा," म्हणाली, "दिवसभर तुम्ही दोघंच असाल. आईकडून एक शब्द घेऊन या. हो किंवा नाही. आणि मामा..."

"बोल."

"तुम्ही जरा कमी बोला. तिला मध्ये जागा मिळू द्या."

मी म्हटलं, मी बोलतो तरी किती! ती हसलीसुद्धा नाही.

तर अशी आमची बस निघाली. गाइड तोच, रोजचा कर्णेवाला. चाळिशी ओलांडलेला, घसा कायमचा बसलेला. हिला पाहून थबकला. "शटरसमोरच्या मावशी ना तुम्ही? या, या." मास्तरांबद्दल काही विचारलं नाही, माहीत असणार. बसमध्ये एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं, त्यातली मुलगी दिसेल त्या खांबाला टेकून फोटो काढून घेणारी. एक रिटायर झालेले बँकवाले होते, ज्यांना प्रत्येक गोष्टीचा खुलासा हवा असे. बाकी मंडळी पेंगत होती.

माझ्या बहिणीला एक सवय. ती माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, आधी बटणं बघते. बस सुटायच्या आत माझ्या कानाशी म्हणाली, "त्या गाइडचं वरून दुसरं बटण लोंबतंय." कितीतरी दिवसांत तिनं आपणहून उच्चारलेलं पहिलं वाक्य! मी हरखलो. म्हटलं, "मग दे की लावून. सुई आहेच तुझ्याकडे." कारण पर्सच्या पट्ट्याला आतल्या बाजूनं ओवलेली सुई खोचून ठेवायची तिची लग्नापासूनची रीत. तिनं पट्टा उलटा करून दाखवला. नुसतं भोक होतं. "काढून ठेवली," म्हणाली. "दुकानात." आणि पुन्हा खिडकीबाहेर. माझ्या खिडकीबाहेर.

जुनं शहर म्हणजे काय सांगू! डोंगराच्या उतारावर मैलभर दगड. भिंती गुडघ्याएवढ्या, छप्पर म्हणून आकाश. गाइड कर्णा घेऊन पुढे, आम्ही मागे. आणि त्याचं सगळं बोलणं 'असावं'वर. "इथं स्नानगृह असावं. इथं धान्य साठवत असावेत. हा सरदाराचा वाडा असावा."

बँकवाले वैतागले. "अहो गाइड, नक्की असं काही आहे का इथं?"

"नक्की फक्त दगड, साहेब," गाइड म्हणाला. त्याच क्षणी मी त्याचं नाव असावेसाहेब ठेवलं, आणि नवरीमुलीला ते इतकं आवडलं की तिनं माझ्याबरोबरही एक फोटो काढून घेतला.

हिची एक गंमत तिथे पाहिली. घरांच्या भिंती पडलेल्या, त्यामुळे लोक सरळ एका घरातून दुसऱ्या घरात ढांगा टाकत चालले होते. ही मात्र प्रत्येक घराला वळसा घालून जिथे दगडी उंबरठा होता तिथूनच आत जायची. पाय उचलून, साडी सावरून. असावेसाहेबांनी हाक मारली, "मावशी, इकडून या ना सरळ. भिंत नाहीये तिथं."

"हं," म्हणाली, आणि उंबरठ्यावरूनच बाहेर आली.

पुढे एक सरळ रस्ता लागला, दोन्ही बाजूंना दगडी कट्टे आणि कट्ट्यांमागे खोपटाएवढ्या खोल्या. "ही बाजारपेठ असावी," असावेसाहेब म्हणाले. "या कट्ट्यांवर दुकानदार बसत असावेत. बसून बसून दगड कसा झिजलाय बघा." बघितलं तर खरंच, कट्ट्याच्या दगडाला बसायच्या जागी खोलगट बाक आलेला. मी लगेच बसून पाहिलं. अगदी मापात! कुणीतरी माझ्याच अंगाचा माणूस असावा, म्हटलं, आणि मंडळी हसली.

ही हसली नाही. त्या खोलगटावरून तिनं तळहात फिरवला, मग उलटा हात फिरवला, आणि काही लागतंय का ते बघत असल्यासारखी थांबली. मग गाइडला विचारलं, "ही दुकानं शेवटी बंद कुणी केली?"

"म्हणजे?"

"सगळे निघून गेले म्हणालात ना. मग शेवटचं दार कुणी लावलं?"

असावेसाहेबांनी डोकं खाजवलं. "ते काही सापडलेलं नाही, मावशी. कुणीतरी लावलं असावं. किंवा उघडंच राहिलं असावं."

"हं."

मला वाटलं, हीच वेळ. मंडळी पुढे गेली तसा मी तिच्याजवळ सरकलो आणि म्हटलं, "अगं, दुकानावरून आठवलं..." आणि काय सांगू तुम्हाला, खरोखरच आठवलं! आमच्या गावातल्या वाण्यानं दुकानाला बाहेरून कुलूप लावलं आणि आत मांजराऐवजी भाऊ कोंडला गेला, तो किस्सा. तो सुरू झाला तो बसपर्यंत संपला नाही. बसमध्ये चढल्यावर लक्षात आलं की विचारायचं राहूनच गेलं. भाचीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी तोंडावर रुमाल धरून बसलो.

घाट उतरलो आणि बस किनाऱ्याच्या कठड्यापाशी थांबली. मी याआधी समुद्र पाहिला नव्हता, आणि हिनंही नाही. आमच्या शाळेत चार वर्ग एका खोलीत आणि गुरुजी एक. समुद्राचा धडा आला तेव्हा गुरुजींनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली. "वर आकाश, खाली समुद्र. पुढचा धडा." बास! मला आयुष्यभर वाटायचं, गुरुजींनी कामचुकारपणा केला. त्या दिवशी कठड्यापाशी उभा राहिलो आणि मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. काही म्हणजे काही कमी काढलं नव्हतं माणसानं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ. वर एक निळं, खाली दुसरं निळं.

नवरीसुद्धा फोटो विसरली. वारा इतका, की गाइडचा कर्णा आपोआपच शीळ घालत होता. ही कठड्याला दोन्ही हात टेकून उभी. तिनं मान जराशी तिरकी केली. एक डोळा बारीक केला. आणि दुकानात मारायची तशी, मागे न बघता, खणखणीत हाक मारली:

"अहो! ही बघा सरळ!"

आता ऐका. नवरामुलगा वळला, "काय?" बँकवाले वळले. असावेसाहेब कर्णा सांभाळत धावत आले, "हां मावशी, बोला." आणि मी! माझीही मान वळली होती, आमची ही घरी कित्येक मैलांवर बसलेली असताना. चार बापे त्या एका बाईकडे तोंड करून उभे, आणि ती मागे वळून आमच्याकडे बघतेय. एकेकाच्या तोंडाकडे. बटणांकडे नाही, तोंडाकडे.



गाइड म्हणाला, "मला बोलावलंत ना?"

ती म्हणाली, "हो. तुमचं बटण लोंबतंय. तेच सांगत होते."

त्यानं खाली बघितलं, "अरे हो की," म्हणाला आणि बटण ओढलं, तर ते त्याच्या हातातच आलं. आता कुठे ठेवावं कळेना, कारण एका हातात कर्णा. हिनं हात पुढे केला. इतक्या वर्षांची सवय; कुणाच्या हातात तुटलेलं बटण दिसलं की हात आपोआप पुढे जायचा. त्यानं ते तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं मूठ मिटली. "सुई आणलेली नाही आज," म्हणाली.

"राहू द्या हो. मी रोज तुमच्या समोरूनच सुटतो. सकाळी बस लावायच्या आधी शर्ट घेऊन येईन." मग जरा घुटमळून तो म्हणाला, "मास्तर माझी नक्कल करायचे ना? रस्त्यापलीकडे ऐकू यायची सगळी. अतिप्राचीन आहे, हात लावू नका. मीही ते वाक्य उचललंय आता. लोक हसतात."

"हं," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर मंडळी झोपली. मी जागा राहिलो आणि, विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, तोंड मिटून राहिलो. तिची मूठ मिटलेलीच होती. मध्येच एकदा तिनं ती उघडली, बटण आहे का ते बघितलं आणि पुन्हा मिटली. हातात आहे की नाही हे तिला बघूनच कळत असावं. (लागला मलाही तो शब्द.) खिडकीतून ऊन तिच्या अंगावर येत होतं, मी म्हटलं पडदा ओढू का, तर मान हलवली, पण ओढ म्हणून की नको म्हणून, ते कळलं नाही. चेहरा सकाळी होता तसाच होता. आत समुद्र गेला की नाही गेला, देव जाणे.

बस पुन्हा शटरसमोर लागली तेव्हा संध्याकाळ होती. पलीकडे भाची उभी, हातात किल्ली. तिच्या शेजारी तो मोबाइलवाला, शटर उंच किती आहे ते मान वर करून बघत. भाचीनं आमच्याकडे बघितलं, म्हणजे माझ्याकडे, आणि भुवया उंचावल्या. एक शब्द आणायला पाठवलं होतं मला, आणि मी वाण्याच्या भावाचा किस्सा सांगून आलो होतो.

बसच्या पायरीवरच बहिणीचा हात धरला. वळण नाही, प्रस्तावना नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सरळ प्रश्न विचारला. "ती वाट बघतेय. दुकान द्यायचं की नाही? काय सांगू तिला?"

तिनं रस्त्यापलीकडे शटरकडे बघितलं. मग मूठ उघडून बटणाकडे बघितलं. मागे ड्रायव्हर ओरडला, "आजोबा, आता खिडकी सोडा, घरी न्यायची नाही!" मी लक्ष दिलं नाही. तिनं काय उत्तर दिलं ते मी रस्ता ओलांडून भाचीला जसंच्या तसं सांगितलं, पदरचा एक शब्द न घालता, आणि तुम्हालाही तसंच सांगतो. ती म्हणाली:

"किल्ली माझ्याकडे दे म्हणावं. त्या माणसाचं बटण माझ्याजवळ आहे, आणि सुई दुकानात आहे. हाताला अजून काही लागत नाही रे दादा, पण डोळ्यांना दिसतंय, तेवढ्यावर बटण लावता येतं. काजांचं नंतर बघू."